मदत हवी आहे: ऑर्किडच्या कुंडीत आणि लेपर्ड गेकोच्या टँकमध्ये स्फॅग्नम मॉस किती ओलं ठेवायचं?

जुई_एडिसन

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. घरात स्फॅग्नम मॉस (दलदलीत वाढणारं, वाळवून विकतात ते शेवाळासारखं मॉस) दोन ठिकाणी लागतंय आणि दोन्हीकडे गाडी अडली आहे, म्हणून हा धागा काढते आहे.

पहिलं म्हणजे खिडकीतली फॅलेनॉप्सिस ऑर्किडं. दुकानातून आली ती पारदर्शक प्लास्टिकच्या कुंडीत, मुळांभोवती मॉस घट्ट ठासून. वरून हात लावला तर कुरकुरीत कोरडं लागतं, पण मधोमध बांबूची काडी खुपसली की ती ओलीचिंब निघते. एका झाडाची खालची पानं मऊ पडून सुरकुतली आहेत. पाणी कमी पडतंय की जास्त होतंय तेच कळत नाही, कारण दोन्हीत पानं सारखीच दिसतात.

दुसरं, मुलाची लेपर्ड गेको, म्हणजे पाळीव पाल. थंडीत हीटिंग सुरू झालं की घरातली हवा पार कोरडी होते, टँकमधला आर्द्रतेचा काटा २० टक्क्यांच्या आसपास येऊन बसतो. या वेळी तिने कात टाकली तेव्हा मागच्या पायाच्या दोन बोटांवर कातेचे पांढरे वेढे तसेच राहिले. भिंगातून पाहिलं तर बोटाला दोरा करकचून गुंडाळल्यासारखं दिसतं. मुलगा शाळेतून आला की दप्तर टाकायच्या आधी तिची बोटं बघतो. मलाही फार काळजी वाटते आहे.

दुकानात तीन प्रकारच्या पिशव्या आहेत: लांब धाग्यांचं फिकट मॉस, तपकिरी भुसा असलेलं ‘स्फॅग्नम पीट मॉस’, आणि सजावटीचं गर्द हिरवं. यातलं कोणतं घ्यायचं? एकच पिशवी झाडाला आणि पालीला, दोघांना चालेल का? आणि ‘ओलसर ठेवा’ असं जो तो लिहितो, पण ओलसर म्हणजे नक्की किती?

सरडेमित्र

जुई, आधी बोटांचं बघा, मॉसचं नंतर. कातेचा वेढा सुकत जातो तसा आवळतो, बोटाचा रक्तपुरवठा तुटतो आणि बोट झडतं. हे सगळ्या गेको पाळणाऱ्यांनी कधी ना कधी पाहिलेलं असतं.

झाकणाला भोकं असलेला डबा घ्या. त्यात कोमट पाणी, फक्त पावलं बुडतील इतकं. मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, गरम लागता कामा नये. पंधरा-वीस मिनिटं तिला त्यात ठेवा आणि तुम्ही तिथेच बसा. मग ओल्या कानकाडीने वेढा बोटाच्या टोकाकडे हलकेच सरकवा. निघाला तर ठीक, नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. कोरड्या बोटावरून ओढायचं अजिबात नाही, खालची नवी त्वचा सोलून निघते. बोट सुजलं किंवा काळपट झालं तर थांबू नका, सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरकडे न्या.

आता मॉस. ही पाल मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या कोरड्या खडकाळ मुलखातली. त्यावरून लोक समजतात की तिला ओल नकोच. पण दिवसा ती दगडाखाली, बिळात असते आणि तिथली हवा बाहेरच्यापेक्षा दमट असते. कात तिथेच मोकळी होते. त्यामुळे अख्खा टँक ओला करायचा नाही. टँक ३०-४० टक्क्यांवरच बरा, सततच्या ओलीने त्वचेला आणि फुप्फुसांना संसर्ग होतो. करायची ती एक दमट डबी: झाकणाचा प्लास्टिकचा डबा, बाजूला ती सहज आत शिरेल एवढं भोक, त्याच्या कडा घासून गुळगुळीत केलेल्या, आत मॉस. डबी उबदार बाजूकडे किंवा मधे ठेवा. थंड कोपऱ्यात ठेवलीत तर ती आत जाणार नाही आणि मॉस नुसतं कुबट होईल.

ओल किती? मॉस भिजवा, मुठीत घट्ट पिळा. एकही थेंब पडेनासा झाला की मोकळं करून भरा. हाताला गार लागलं पाहिजे, पण हात ओला होता कामा नये. खायला मात्र डबीत काही टाकू नका. किड्यावर झडप घालताना मॉसचे धागे पोटात गेले तर आतडं तुंबू शकतं. चिमट्याने किंवा बाहेर ताटलीत द्या.

रानवाटा_पुणे

जुई, ऑर्किडबद्दल मी सांगते.

वर कोरडं आणि आत ओलं, हे लक्षण ओळखीचं आहे. झाड कुंडीतून काढा आणि मुळांच्या मधोमध बोटांनी चाचपा. या झाडांची रोपं लहान असताना मॉसच्या एका गोळ्यात, कधी छोट्या जाळीच्या वाटीत वाढवतात आणि पुढे तशीच मोठ्या कुंडीत सरकवतात. तो आतला जुना गोळा कधी सुकतच नाही. वरचं बघून आपण पाणी घालत राहतो आणि गाभ्यातली मुळं कुजतात. मुळं कुजली की पाणी वर चढत नाही, म्हणून पानं तहानेने सुरकुततात तशीच सुरकुततात. तुमच्या प्रश्नाचं उत्तर पानांत मिळणार नाही, मुळांत मिळेल.

मुळं दाबून बघा. टणक असतील ती ठेवा. पोकळ, लिबलिबीत, साल ओढली की आतला दोरा उरतो अशी सगळी स्वच्छ कात्रीने कापा. मग नवं मॉस भिजवून, पिळून, सैल भरा. ठासायचं नाही, हे मी तीन-तीनदा सांगते. आपल्याकडे सह्याद्रीत सीतेची वेणी हे ऑर्किड झाडाच्या खोडावर उघड्या मुळांनी लटकतं, पाऊस अंगावर घेतं आणि वाऱ्याने सुकतं. फॅलेनॉप्सिसही झाडावरचंच, त्याच्या मुळांनाही पाण्याइतकीच हवा लागते. ठासलेल्या मॉसमध्ये हवेला जागाच उरत नाही.

पाणी कधी घालायचं हे कुंडी पारदर्शक असल्यामुळे तुम्हाला सोपं आहे. मुळं हिरवी दिसतात तोवर ओल आहे, रुपेरी-पांढरट झाली की पाणी. शिवाय कुंडी उचलून बघायची सवय लावा. मॉस स्वतःच्या कोरड्या वजनाच्या १५-२० पट पाणी धरतं, त्यामुळे सुकल्यावर कुंडी किती हलकी होते ते हाताला लगेच कळतं.

मी स्वतः पुण्यात मॉस फार वापरत नाही. पावसाळ्यात बाल्कनीतली हवाच इतकी दमट असते की कुंडी सुकायचं नाव घेत नाही. इथे कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाची सोडणं बरी. पण तुमच्या हीटिंगच्या कोरड्या हवेत मॉस योग्यच आहे.

दक्षिणवारा

न्यूझीलंडमधून लिहितोय. दक्षिण बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर हे मॉस दलदलीतून काढून, वाळवून जगभर पाठवतात, त्यामुळे पिशव्यांबद्दल थोडं सांगू शकतो.

लांब धाग्यांचं फिकट मॉस घ्या. ते बहुधा न्यूझीलंडचं किंवा चिलीचं असतं. पीट मॉस म्हणजे याच वनस्पतीचा दलदलीत खाली दबलेला, शेकडो-हजारो वर्षांत अर्धवट कुजलेला थर. तो मातीत मिसळायला ठीक, पण ऑर्किडच्या मुळांना गुदमरवतो आणि पालीच्या अंगाला, डोळ्यांना चिकटतो. शिवाय तो थर वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतो. वरचं मॉस जपून काढलं तर काही वर्षांत पुन्हा वाढतं, खणलेलं पीट आपल्या हयातीत भरून येत नाही. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. चिलीने २०२४ मध्ये कायदा करून पीट खणणं बंद केलं, तेही याच कारणाने.

गर्द हिरवं बहुतेक वेळा रंगवलेलं असतं आणि पुष्कळदा स्फॅग्नम नसतंच. पाणी लागलं की रंग उतरतो. पालीसाठी नकोच.

एक पिशवी दोघांना चालेल, मात्र त्यात खत मिसळलेलं नाही हे मागची बारीक अक्षरं वाचून खात्री करा. आणि कुंडीत वापरलेलं मॉस डबीत कधी टाकू नका, त्यात खताचे क्षार आणि फवारणी उतरलेली असते.

जुई_एडिसन

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शंका उरल्या. आम्ही इथल्या पाइन बॅरन्सच्या जंगलात फिरायला जातो, तिथे सीडरच्या झाडांच्या दलदलीत हेच मॉस गाद्यांसारखं पसरलेलं दिसतं. तिथून मूठभर आणलं तर? आणि मॉसवर पांढरी बुरशी आली तर धुऊन वापरायचं की टाकायचं?

सरडेमित्र

आणू नका. तिथली सरकारी जंगलं आणि उद्यानं यांतून वनस्पती उचलायला मनाई आहे. शिवाय रानातल्या मॉसबरोबर माइट्स (गोचिडीसारखे बारीक जीव) आणि नको ते जंतू थेट टँकमध्ये येतील.

डबीतल्या मॉसवर बुरशी दिसली की सगळं टाका, डबा गरम पाण्याने आणि साबणाने धुवा, नवं भरा. बुरशी नसली तरी ते नियमाने बदला आणि विष्ठा दिसली तर त्याच दिवशी. पहिल्या महायुद्धात हे मॉस जखमांवर बांधत असत. ते आम्लधर्मी असतं आणि त्यात जंतू सहजी वाढत नाहीत हे खरं, पण म्हणून ते कायम स्वच्छ राहतं असं नाही.

दक्षिणवारा

एक भर घालतो, तुमच्या हातांसाठी. या मॉसमध्ये कधीकधी स्पोरोथ्रिक्स नावाची बुरशी असते. काट्याने टोचलेल्या किंवा खरचटलेल्या जागेतून ती त्वचेत शिरते आणि गाठी उठतात. १९८८ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या मॉसमध्ये गुंडाळलेली रोपं हाताळून १५ राज्यांत ८४ जणांना ती झाली होती. घाबरायचं कारण नाही, औषधाने बरी होते. पण हातमोजे घाला, आणि कोरडं मॉस मोकळं करण्याआधी त्यावर पाणी शिंपडा म्हणजे धूळ उडणार नाही. मुलालाही हातमोजे द्या.

जुई_एडिसन

रानवाटा, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. मुळांच्या मधे जाळीची वाटी होती आणि आतलं मॉस काळं पडून गाळासारखं झालं होतं. बाहेरच्या कडेची चार-पाच मुळं टणक आहेत, ती ठेवून सैल मॉसमध्ये लावलंय. त्याला आता लगेच पाणी घालू की थांबू?

गेकोच्या एका बोटाचा वेढा सुटला. दुसरा टोकाशी अजून अडकलाय, बोट मात्र गुलाबी आहे, सूज नाही. डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली आहे. डबी केली तशी ती आत जाऊन बसली.

रानवाटा_पुणे

थांबा. कापलेली टोकं सुकू द्यात. मॉस पिळून भरलंय, तेवढी ओल झाडाला सध्या पुरते. मुळं रुपेरी दिसेपर्यंत पाणी नाही, आणि नवं मूळ फुटेपर्यंत खतही नाही. पानं लगेच ताठ होणार नाहीत, सुरकुतलेली काही तशीच राहतील. लक्ष नव्या पानावर ठेवा.

सरडेमित्र

गुलाबी आहे म्हणजे रक्त पोचतंय, चांगलं आहे. कोमट पाणी चालू ठेवा आणि डॉक्टरांची वेळ रद्द करू नका. पुढची कात जवळ आली की तिचा रंग फिका, दुधी होईल. तेव्हा डबीतलं मॉस रोज हात लावून बघायला मुलाला सांगा.