अनुभव धागा : लोकल सेटिंग्ज तुम्ही कशा सांभाळता?

टीममध्ये नवीन आलेल्या मुलीचे पहिले दोन दिवस प्रोजेक्ट नुसता सुरू करण्यात गेले. कोड ठीक होता. डेटाबेसचा पासवर्ड, पोर्ट, ईमेलची की हे सगळं आमच्या डोक्यात, लिहिलेलं कुठेच नाही. मला फार वाईट वाटलं. तुमच्याकडे काय बिघडलं, मग काय केलंत, सविस्तर लिहा.

हिंजवडीहून
आमचं जँगो, म्हणजे पायथॉनमधलं वेब फ्रेमवर्क. सेटिंग्जच्या फाइलच्या शेवटी लोकल सेटिंग्ज इम्पोर्ट व्हायच्या आणि ती फाइल गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने (कोडचे बदल नोंदवणारं टूल) वगळायच्या फाइल्सच्या यादीत. हळूहळू लोकांनी तिच्यात मिडलवेअरसुद्धा (प्रत्येक रिक्वेस्टला मधे चालणारा कोड) घातले, मग दोन मशीनवर दोन वेगळी अ‍ॅप्लिकेशन्स! आता मशीनगणिक बदलतं तेवढंच डॉट ईएनव्ही (.env) फाइलमध्ये, तिथून ते एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणून अ‍ॅपला मिळतं. तिचा नमुना, खोट्या किमती भरून, रेपोत (टीमच्या सामाईक कोडसाठ्यात) असतो. नवीन व्हेरिएबल आलं आणि नमुन्यात ओळ नसेल, तर रिव्ह्यूत मी अडवतो.
एक लक्षात ठेवा, एन्व्हायर्नमेंटमधून येणारी प्रत्येक किंमत स्ट्रिंग असते. डीबगपुढे (चुकांचा तपशील दाखवणारा मोड) फॉल्स लिहूनही डीबग चालूच राहिला, कारण रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग पायथॉनला खरीच वाटते. अर्धा दिवस गेला.

कोथरूडहून
ऑफिसमधून परतताना बस वाकडच्या पुलापाशी अडकलेली, तिथेच फोन आला : पेमेंटची सिक्रेट की रेपोत दिसतेय. मी म्हटलं, फाइल तर गिटइग्नोरमध्ये आहे! पण ती आधीच कमिट झालेली, म्हणजे गिटच्या इतिहासात नोंदलेली होती, आणि एकदा ट्रॅक झालेली फाइल गिट सोडत नाही. गिट आरएम कॅश्ड ही कमांड देऊन ट्रॅकिंगमधून काढली तरी जुन्या कमिटमध्ये की तशीच. आमच्या सीनियर ताई म्हणाल्या, "आधी की रद्द करून नवी घे, इतिहास नंतर साफ करू." हाच क्रम बरोबर. तेव्हापासून कमिटआधी सिक्रेट शोधणारा हुक (आपोआप चालणारी स्क्रिप्ट) लावलाय.

बाणेरहून
फ्रंटएंडवाल्यांनो, वीट (Vite) या बिल्ड टूलमध्ये व्हीआयटीई उपसर्गाचं जे व्हेरिएबल कोडात वापराल ते बिल्डमध्ये जाऊन ब्राउझरपर्यंत पोचतं. तिथे गुपित ठेवूच नका, कृपा करून.

वारज्याहून
डॉकरमध्ये (अ‍ॅप वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं टूल) डेटाबेसचा होस्ट लोकलहोस्ट लिहिला होता. कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनरच. डॉकर कम्पोजच्या फाइलमधलं डेटाबेस सर्व्हिसचं नाव दिलं, जोडलं गेलं.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. काल नमुना फाइल केली आणि त्या मुलीलाच कोऱ्या लॅपटॉपवर चालवून बघायला सांगितलं. रेडिसच्या (मेमरीत डेटा ठेवणारा डेटाबेस) पोर्टची ओळ राहिली होती, ती तिला सापडली. तीच ओळ घालून तिने पहिलं कमिट केलं.