मायग्रेन विथ ऑरा आणि विदाउट ऑरा : लेकीसाठी माहिती आणि अनुभव हवेत

नमस्कार. मी ठाण्याला घोडबंदर रोडला राहते. मला कॉलेजात असल्यापासून मायग्रेन आहे आणि आता माझ्या १९ वर्षांच्या मुलीलाही सुरू झालंय. घरातले म्हणतात, आईचंच घेतलंय पोरीने. पण तिचा त्रास माझ्यासारखा नाही आणि नेमक्या त्या फरकामुळे तिचा एक उपचार अडलाय, म्हणून हा धागा काढतेय.

माझं ठरलेलं असतं. आदल्या दिवशी जांभयांवर जांभया, मान आखडलेली, चिडचिड. मग एका बाजूचं कानशील ठणकायला लागतं, मळमळतं, खोलीत अंधार करून पडावं लागतं. डोळ्यांपुढे मात्र कधीच काही दिसलं नाही.

तिचं दुखणं डोळ्यांपासून सुरू होतं. ती कॉलेजला वाशीला जाते, ट्रान्स हार्बर लोकलने. परवा ऐरोलीला मोबाइलवर वाचताना मधली अक्षरंच गायब झाली. मग करवतीच्या दात्यांसारखी लखलखती रेघ उमटली, उजवीकडे सरकत मोठी होत गेली आणि तुर्भे येईपर्यंत कडेला जाऊन विरली. डोकं त्यानंतर उठलं. याआधी एकदा बोटांना मुंग्या येऊन त्या हळूहळू हातावरून ओठांपर्यंत चढल्या होत्या, तेव्हा मी फार घाबरले होते. सासूबाईंनी पित्त म्हणून आमसुलाचं सरबत दिलं, ते तिने प्यायलंही. न्यूरॉलॉजिस्टने नीट तपासून ‘मायग्रेन विथ ऑरा’ असं निदान केलं, म्हणजे डोकं उठण्याआधी अशी रेघ, मुंग्या वगैरे लक्षणं येणारा प्रकार. एमआरआयची आत्ता गरज नाही म्हणाले. लक्षणं अशी हळूहळू पसरणं हे ऑराचं लक्षण, पक्षाघातात ती बहुधा एकदम येतात, हेही त्यांनी समजावलं.

तेव्हापासून वाचतेय. १९४१ मध्ये लॅश्ली नावाच्या मानसशास्त्रज्ञाने स्वतःच्याच डोळ्यांपुढचा ऑरा कसा सरकतो ते टिपून ठेवलं आणि हिशेब मांडला की मेंदूत काहीतरी मिनिटाला साधारण ३ मिलिमीटर वेगाने पुढे जात असावं. १९४४ मध्ये लिआओ यांना सशाच्या मेंदूत तशीच लाट सापडली : पेशी आधी जोरात चेततात, मग काही मिनिटं गप्प होतात. २००१ मध्ये ऑरा चालू असताना काढलेल्या फंक्शनल एमआरआयमध्ये (मेंदूचा कुठला भाग काम करतोय ते दाखवणारा स्कॅन) माणसाच्या दृष्टिकेंद्रातही तसाच सरकणारा बदल दिसला. नजरेच्या मध्याचा भाग मेंदूच्या अगदी मागच्या टोकाला असतो आणि कडेचा त्याच्या पुढे, म्हणून रेघ मध्यातून कडेकडे जाते. माझ्या लेकीला ती उजवीकडे दिसली, म्हणजे लाट मेंदूच्या डाव्या अर्ध्यात. ऐरोली ते तुर्भे एवढ्या वेळात ती लाट जेमतेम चार-पाच सेंटिमीटर चालली असेल. हे कळल्यावर तिची स्वतःची भीती पुष्कळ कमी झाली.

माझ्या प्रकारात, म्हणजे विदाउट ऑरा, अशी लाट स्पष्ट दिसत नाही. ती आत कुठे गुपचूप येते का, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. पण २०१६ च्या एका जर्मन अभ्यासात एका रुग्णाचं महिनाभर रोज स्कॅन केलं होतं आणि दुखणं सुरू होण्याच्या आदल्या दिवशीच हायपोथॅलॅमसचं काम बदललेलं दिसलं. झोप, भूक सांभाळणारा भाग तो. माझ्या जांभया तिथूनच येत असाव्यात असं मला वाटतं.

आता मूळ अडचण. मुलीला पीसीओडी (बीजांडकोशाचा, पाळी अनियमित करणारा विकार) आहे. पाळी नियमित व्हावी म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांनी इस्ट्रोजेन असलेली गोळी लिहून दिली. डोकेदुखीबद्दल विचारलं, ऑराबद्दल नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत मात्र ऑरा असेल तर अशा संयुक्त (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन ही दोन्ही संप्रेरकं असलेल्या) गोळ्या कुठल्याही वयात देऊ नयेत असं आहे, कारण पक्षाघाताचा धोका वाढतो. या वयात मुळात तो धोका फार कमी असतो, हे मला कळतं. तरी गोळी अजून सुरू केलेली नाही.

१. ऑरा असताना पीसीओडीसाठी कोणाला दुसरा उपाय मिळाला का? फक्त प्रोजेस्टोजेन असलेल्या गोळ्यांना तेवढी मनाई नाही असं वाचलंय. कशा मानवल्या?
२. ठाणे, ऐरोली, वाशी भागात डोकेदुखीवरच लक्ष देणारे न्यूरॉलॉजिस्ट माहीत आहेत का? नाव व्यनित (खासगी निरोपात) कळवा.
३. ऑरा सुरू झाल्यावर ट्रिप्टान (मायग्रेनचं दुखणं थांबवणारं औषध) लगेच घ्यायचं की दुखणं सुरू झाल्यावर, तुम्हाला डॉक्टरांनी काय सांगितलं?

संध्याकाळची भर : प्रतिसादांबद्दल आभार. दोघांनी फंक्शनल एमआरआय करून घ्या असं सुचवलंय. त्या स्कॅनमधले फरक बरेचसे अनेक रुग्णांची सरासरी काढल्यावर दिसतात, एकट्या माणसाचा प्रकार त्यावरून ठरवत नाहीत. तो ठरतो लक्षणं ऐकूनच. म्हणून लेकीला वही दिलीय : काय दिसलं, कुठल्या बाजूला, किती मिनिटं, नंतर डोकं कधी उठलं, पाळीची तारीख. रेघेचं चित्रही काढते ती. वेदनाशामक किती दिवस घेतलं तेही लिहायला सांगितलंय, कारण साधी गोळीसुद्धा महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, महिनोन्‌महिने पोटात गेली तर तिनेच डोकं दुखत राहतं. पुढच्या आठवड्यात हीच वही दोन्ही डॉक्टरांना दाखवणार आहे. पहिल्या प्रश्नाचा अनुभव असलेल्या बायकांनी त्याआधी लिहिलं तर फार मदत होईल, इथे लिहायला संकोच वाटत असेल तर व्यनि करा.