बॅरिस्टर अंतुले : सिमेंटच्या पलीकडे काही शिल्लक राहतं का?

खाडीकाठचा
अंतुल्यांचं नाव काढलं की समोरचा "सिमेंट!" म्हणून मोकळा होतो. मला हे पटत नाही, म्हणून धागा.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात. आमच्या म्हसळा तालुक्यातल्या आंबेतचा माणूस, विलायतेत बॅरिस्टर झालेला, जून १९८० मध्ये मुख्यमंत्री. ३१ ऑगस्ट १९८१ ला अरुण शौरींनी 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये छापलं की इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान आणि इतर ट्रस्टांना देणग्या दिल्या की सिमेंट सुटतं. १२ जानेवारी १९८२ ला मुंबई उच्च न्यायालयात न्या. लेंटिन यांनी देणग्या आणि सिमेंटवाटप यांचं साटंलोटं होतं असा निकाल दिला आणि खुर्ची गेली.

पण त्या दीड वर्षात या माणसाने काय काय केलं ते बघा. संजय गांधी निराधार योजना त्यांची. आमच्याकडच्या म्हाताऱ्या अजून पोस्टमनला "संजय गांधी आला काय रे?" असंच विचारतात. कुलाबा जिल्ह्याचा रायगड केला, रत्नागिरीतून सिंधुदुर्ग काढला, औरंगाबादेतून जालना. फाइल समोर आली की तिथल्या तिथे सही. पैसे गेले ते ट्रस्टच्या खात्यात, घरात गाद्यांखाली बंडलं सापडली नाहीत. आजचे आकडे ऐकले की वाटतं, बिचारे फुकट बदनाम झाले.

परमिटवाला
"बिचारे"? राव, तुम्ही तेव्हा पाळण्यात असाल.

सिमेंट तेव्हा दुकानात मिळत नव्हतं, परमिटवर मिळायचं. आमच्या वडिलांनी मागच्या पडवीची एक खोली पक्की करायला काढली होती. अर्ज, ग्रामपंचायतीचा दाखला, ओव्हरसियरचा अंदाज, मग कचेरीच्या चकरा. पावसाळा तोंडावर आला तेव्हा मागितलेल्याच्या निम्म्या गोणी मंजूर झाल्या. त्यातल्याही काही खालून ओल लागून दगड झालेल्या. आई आणि आत्या लाकडी मोगरीने ती ढेकळं फोडून पिठाच्या चाळणीने चाळत बसायच्या, नाकातोंडाला फडकं बांधून. ते सिमेंट गिलाव्यालाच गेलं, स्लॅबला चालणार नाही म्हणून गवंड्याने हातच लावला नाही. आणि तेव्हा मुंबईत ट्रस्टला देणगी देणाऱ्या बिल्डरला ट्रकच्या ट्रक. तुमच्या निराधार म्हातारीचं घर गळत होतं ते याच वाटपामुळे, हे कुठल्या खात्यात धरायचं?

मधली_सुट्टी
दोघांचंही अर्धं खरं. मूळ दुखणं नियंत्रणाचं होतं. माल कमी, भाव सरकारने बांधलेला, वाटप मंत्र्याच्या हातात. तिथे संत बसवला असता तरी रांग लागलीच असती. अंतुले गेले आणि दीडेक महिन्यात, फेब्रुवारी १९८२ अखेर, केंद्राने सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठवलं. १९८९ मध्ये पूर्ण उठलं. आज सिमेंटसाठी कोणी मंत्र्याच्या दारात जातं का?

परमिटवाला
सिमेंटसाठी जात नाही. एफएसआयसाठी, म्हणजे जादा बांधकामाच्या मंजुरीसाठी जातात.

वकिलीण
"पैसे ट्रस्टला गेले, खिशात नाही" हा बचाव इथे दर वेळी येतो, म्हणून लिहिते. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम १६१ काढून वाचा. लोकसेवकाने "स्वतःसाठी किंवा इतर कोणासाठी" बेकायदा मोबदला घेतला तरी गुन्हा होतो. पैसा खिशात गेला की कलावंतांच्या नावाने काढलेल्या प्रतिष्ठानात, याने फरक पडत नाही. सरकारी अधिकाराच्या बदल्यात घेतला का, एवढाच प्रश्न.

खाडीकाठचा
वकीलबाई, मग शिक्षा का झाली नाही? भाजपच्या रामदास नायकांनी फौजदारी तक्रार केली, वर्षानुवर्षं खटला चालला, आणि १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठानेच बहुमताने सांगितलं की १९८४ मध्ये खटला थेट उच्च न्यायालयाकडे दिला ते चुकलं, अंतुल्यांच्या हक्कांवर गदा आली. म्हणजे अन्याय झाला हे कोर्टाने मान्य केलं. पुढे १९९५ मध्ये नरसिंह रावांनी केंद्रात आरोग्यमंत्री केलं.

वकिलीण
१९८८ चा निकाल खटला कुठे चालवायचा याबद्दल होता. पैसे घेतले नाहीत असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. आणि केंद्रातलं मंत्रिपद हा निर्दोषपणाचा दाखला असेल तर मग बोलणंच खुंटलं.

तिरकीचाल
मला एक कळत नाही, सगळे सिमेंटवरच का अडकलेत? महाराष्ट्राचा आजवरचा एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री, पाठीशी आमदार नाहीत, दिल्लीच्या मर्जीने आलेला. मराठा लॉबीला तो पहिल्या दिवसापासून खुपत होता. लंडनहून भवानी तलवार आणण्याची भाषा केली तीसुद्धा पाय रोवायलाच. (तलवार काही आली नाही.) साखर कारखान्यांकडून टनामागे वर्गणी काढायला लागले आणि मग मात्र सहकारसम्राटांच्या शेपटीवर पाय पडला. देणग्या काय ते एकटेच गोळा करत होते? बाकीच्यांनी कागद ठेवले नाहीत, याने ट्रस्ट काढून हिशोब ठेवला. म्हणून सापडला.

मधली_सुट्टी
कागद कोणी पुरवले हा वेगळा विषय. कागद खोटे होते का? नव्हते. शत्रूने दाखवली म्हणून चोरी पुसली जात नाही.

आणि इंदिराबाईंचं नाव ट्रस्टला देताना हेतू काय होता? कवी-चित्रकारांचा कळवळा? दिल्ली खूश राहावी म्हणूनच ना? ती खूश असती तर लेंटिनसाहेबांच्या निकालानंतरही काही दिवस काढले असते. दिल्लीनेच हात झटकले.

खाडीकाठचा
दिल्लीने झटकले, आम्ही नाही. १९८९, १९९१, १९९६, २००४. चार वेळा कुलाबा मतदारसंघाने लोकसभेत पाठवलं. लोक आंधळे होते?

परमिटवाला
आणि १९९८ ला शेकापच्या रामशेठ ठाकुरांनी पाडलं, २००९ ला शिवसेनेच्या अनंत गीत्यांनी. तेव्हा डोळे आले म्हणायचे का? मतं रस्त्याला, नोकरीला, ओळखीला पडतात हो. आमच्या घरातून सुद्धा पडली आहेत. त्याचा सिमेंटशी संबंध नाही.

तिरकीचाल
मग या प्रकरणातून निघालं काय शेवटी? ना शिक्षा, ना पैसे परत.

वकिलीण
निघालं की. फेब्रुवारी १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी ठरवल्या. लोकसेवकाविरुद्ध साधा नागरिकही थेट विशेष न्यायाधीशाकडे तक्रार करू शकतो. आणि ज्या पदाचा गैरवापर झाला ते पद सुटलं असेल तर खटल्याला सरकारची पूर्वपरवानगी लागत नाही. लॉ कॉलेजात 'अंतुले केस' म्हणून शिकवतात ती हीच. यातली दुसरी गोष्ट २०१८ च्या दुरुस्तीने संसदेने फिरवली, माजी मंत्र्यांनाही परवानगीचं कवच दिलं. फारसं कोणी बोललंही नाही तेव्हा. खाडीकाठचे, त्यावर वेगळा धागा काढा, मी येते.