लेझी आय (आळशी डोळा), ५ वर्षांची मुलगी, पॅच टिकूच देत नाही

पिल्लूची_आई:
मुलीच्या डाव्या डोळ्याला +४.५ नंबर निघाला, उजव्याला फक्त +१. डोळा तिरळा वगैरे काही नाही त्यामुळे कोणाच्याच लक्षात आलं नाही, शाळेच्या तपासणीत कळलं. आधी नुसता चष्मा दिला, डाव्याची नजर ६/२४ वरून ६/१८ वर आली (६/६ म्हणजे नॉर्मल) आणि तिथेच अडकली, म्हणून आता डॉक्टरांनी उजव्या डोळ्याला रोज २ तास पॅच सांगितलाय. पहिली दहा मिनिटं रडारड, मग हनुवटी वर करून नाकाजवळच्या फटीतून बघत बसते, आणि मी जरा आत गेले की पॅच गायब. सासूबाई म्हणतात चांगला डोळा झाकून तोही घालवशील. ओळखीतल्या एका मुलाला तर दिवसभर पट्टी लावायचे म्हणे, मग २ तासांनी खरंच काही होतं का? आणि चिकटपट्टीऐवजी चष्म्यावर चढवायचं कापडी कव्हर घेतलं तर चालेल का?

चष्मिष्ट:
कापडी कव्हर आत्ता नको. आमचा मुलगा त्याच्या कडेने आरामात बघायचा आणि आम्हाला वाटायचं दोन तास झाले. चिकटणारा पॅच थेट कातडीवर आणि त्यावर चष्मा, चष्मा काढायचा नाही, नाहीतर आळशी डोळ्याला धूसरच दिसणार मग झाकून उपयोग काय. आमच्याकडे चालला तो उपाय म्हणजे टीव्ही फक्त पॅचच्या वेळात. पॅच निघाला की टीव्ही बंद, ओरडायचं नाही, चर्चा नाही. पहिला आठवडा वाईट गेला, खोटं कशाला बोलू.

ऑप्टोमेट्रिस्ट_आहे:
ताई, दिवसभर पट्टी ही जुनी पद्धत. २००३ मध्ये ३ ते ७ वर्षांच्या मुलांवरचा अमेरिकेतला अभ्यास आला, त्यात साधारण ६/१२ ते ६/२४ नजर असलेल्यांना रोज २ तास आणि ६ तास पॅच देऊन बघितला, चार महिन्यांनी दोन्ही गटांत सुधारणा जवळपास सारखीच. नजर याहून कमी असेल तर ६ तास सांगतात. त्यामुळे तुमचे २ तास योग्यच आहेत, फक्त ते खरंच २ तास व्हायला हवेत. एका दमात झाले नाहीत तर तुकडे करा, पण किती वेळाचे ते तुमच्या डॉक्टरांना विचारून.

सासूबाईंची भीती अगदीच निराधार नाही. जास्त झाकल्याने चांगल्या डोळ्याची नजर कधीकधी उतरते, लहान वयात आणि जास्त तासांना हा धोका जास्त, बहुतेकदा पॅच कमी केला की ती परत येते. म्हणून तर दर भेटीला दोन्ही डोळे तपासतात, तारीख चुकवू नका. आपल्या मनाने तास वाढवणं हेही नको.

आणि डोळ्यात तसा दोष नसतो हो, एका बाजूने सतत धूसर चित्र आलं म्हणून मेंदू त्या बाजूकडे लक्ष देणं सोडतो. चष्मा चित्र स्वच्छ करतो, पॅच मेंदूला ते बघायला लावतो. त्या वेळात जवळचंच काम करायला हवं असंही नाही, बाहेर खेळली तरी चालेल, फक्त पळापळीत आणि जिन्यावर लक्ष ठेवा.

दोन_लेकरं:
पॅचशी जमलंच नाही तर ॲट्रोपिनबद्दल विचारा. मोठीला चांगल्या डोळ्यात थेंब होते, फक्त शनिवार-रविवार. त्याने त्या डोळ्याला जवळचं धूसर दिसतं म्हणून दुसरा डोळा कामाला लागतो, आणि थेंब काही ओढून काढता येत नाही 😄 उन्हात डोळे दिपतात, टोपी लागते. बाटली मात्र कुलपात ठेवा, पोटात गेलं तर विषारी आहे ते. धाकट्याला पॅचच सोसला. गाल लाल व्हायचा, तर काढताना कोमट पाण्याने भिजवून हळूहळू काढायचो आणि रोज थोडा वाकडा लावायचो म्हणजे त्याच जागी चिकट येत नाही.

पिल्लूची_आई:
सगळ्यांचे खूप आभार. टीव्हीचा नियम आजपासूनच. ६/६ झालं की लगेच बंद करायचा का पॅच?

ऑप्टोमेट्रिस्ट_आहे:
मनाने नाही. थांबवल्यावर वर्षभरात साधारण चारातल्या एका मुलाची नजर पुन्हा घसरते, विशेषतः जास्त तासांचा पॅच एकदम तोडला तर. डॉक्टर तास कमी करत आणतील, नंतरही काही काळ तपासणीला बोलावतील. चष्मा मात्र सुरूच राहणार, एवढ्या फरकाचा नंबर पॅचने जात नाही.

चष्मिष्ट:
आणि बाहुलीलाही एक पॅच लावून बघा, आमच्याकडे टेडीला आधी लागायचा मग साहेबांना 😀