प्रकार न ओळखता डुकरांना लस टोचणं थांबवावं का?

दारणाकाठ (धागाकर्ता)
सिन्नर तालुक्यात आमच्या वीस माद्या आहेत. या हिवाळ्यात दूध तोडल्यावर महिनाभरात अकरा पिल्लं गेली. ताप, सुजलेले सांधे, काही आडवी पडून पाय झाडायची. एक पिल्लू उघडलं तर हृदयावर आणि फुफ्फुसांवर आम्लेटसारखा पिवळट थर. डॉक्टर म्हणाले, ग्लासर रोग, जिवाणू ग्लासेरेला पॅरासुइस. या रोगाची लस आम्ही टोचलेली होती! मग वाचत गेलो. या जिवाणूचे 15 सीरोप्रकार म्हणजे उपप्रकार आहेत, आणि मृत जिवाणूंची लस मुख्यतः ज्या प्रकारापासून बनवली त्यालाच आवरते. बाटलीतला प्रकार आणि माझ्या शेडमधला प्रकार जुळतो का, हे कुणी विचारलंच नाही. माझं ठाम मत आहे: आधी प्रकार ओळखा, मगच लस.

निफाडचा वराहपालक
दादा, नुकसानीचं वाईट वाटलं, पण मत पटत नाही. हा जिवाणू निरोगी डुकरांच्या नाकातही असतो. चिकातून मिळालेली ताकद ओसरते नेमकी तेव्हाच आपण दूध तोडतो, चार माद्यांची पिल्लं एका खणात कोंडतो, आणि वर आमच्या निफाडची थंडी. मी पिल्लं मिसळणं बंद केलं, रात्री बल्ब लावले, खाली कोरडा पेंढा टाकला. मरतूक बरीच कमी झाली. माझ्या सहा माद्या. तपासणीचा खर्च मी कशातून काढू? आणि प्रकार कळला, पण त्याची लसच बाजारात नसली तर?

पशुवैद्य, दिंडोरी
थंडीचं म्हणणं बरोबर आहे, पण त्यामुळे तपासणी अनावश्यक ठरत नाही. असाच थर स्ट्रेप्टोकोकस सुइस आणि मायकोप्लाझ्मा हायोरायनिस या दुसऱ्या जिवाणूंमुळेही येतो. म्हणजे रोग ग्लासरच आहे हेच अजून सिद्ध नाही, प्रकार तर पुढची गोष्ट.

नमुना नाकातून घेऊ नका. एकाच डुकराच्या नाकात दोन-तीन वाण सापडतात, मारणारा त्यातला कोणता ते कळत नाही. सांध्यातलं पाणी, हृदयाभोवतीचा द्रव, मेंदूवरचं आवरण इथून घ्या. पिल्लू नुकतंच मेलेलं हवं आणि त्याला प्रतिजैविक दिलेलं नसावं. एकावर थांबू नका, दोन-तीन पिल्लांचे घ्या. हा जिवाणू शरीराबाहेर फार नाजूक असतो, म्हणून बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. हातमोजे घालाच. स्ट्रेप्टोकोकस सुइस माणसालाही होतो, त्यात मेंदूज्वर येतो, कायमचं ऐकू येणं जातं.

निफाडचा वराहपालक
डॉक्टर, त्याच दिवशी कुठे? सिन्नरहून पुण्याला औंधच्या प्रयोगशाळेत पोचेपर्यंत संगमनेर-नारायणगावची गर्दी. आणि इतकं करून पीसीआरमध्ये, म्हणजे जिवाणूच्या जनुकांवरून प्रकार ओळखायच्या चाचणीत, 5 आणि 12 हे प्रकार एकमेकांपासून वेगळे निघत नाहीत, असं मी एका प्रशिक्षणात ऐकलं होतं.

पशुवैद्य, दिंडोरी
खरं आहे, नेहमीच्या पीसीआरमध्ये ते वेगळे होत नाहीत. पण बाकीचे होतात. निकाल 4 आला आणि तुमच्या बाटलीवर 5 असेल, तर लस का चालली नाही याचं एक मोठं कारण हाती लागतं.

इगतपुरी रस्ता
एक विनंती. ‘आधी प्रकार, मग लस’ हे वाक्य स्वाईन फिव्हरच्या लसीला लावू नका. तो विषाणू आहे, त्याची लस वेळेवर द्यायचीच. आणि लहानमोठी सगळ्या वयाची डुकरं तापाने पटापट मरत असतील, कातडी लालसर-निळी पडत असेल, तर सुरी लावू नका. आफ्रिकन स्वाईन फिव्हर 2020 मध्ये आपल्या देशात आला आणि त्यावर आपल्याकडे लस नाही. सरळ पशुसंवर्धन खात्याला कळवा.

दारणाकाठ
मान्य, धाग्याचं शीर्षक मी सरसकट लिहिलं. स्वाईन फिव्हरची लस चालूच आहे. निफाडच्या दादांचं ऐकून कालपासून प्रत्येक मादीची पिल्लं वेगळ्या खणात ठेवली, बल्बही लावले. तरी ग्लासरची पुढची बाटली मी निकालाआधी घेणार नाही. दोन पिल्लं लंगडतायत, त्यांना अजून इंजेक्शन दिलेलं नाही. डॉक्टर, त्यातल्या एकाच्या सांध्यातलं पाणी जिवंतपणीच काढता येईल का? म्हणजे नमुना निघाल्यावर लगेच दोघांचेही उपचार सुरू करता येतील.