नवरंग पक्षी दिसला का यंदा? तुमचेही अनुभव लिहा

कुळागर:
आज सकाळी पणजीत कांपालच्या बागेत फिरायला गेले होते, पुरतं उजाडलंही नव्हतं, आणि बाकाच्या मागे सुक्या पानांत खसपस. उंदीर असेल म्हणून दचकले तर नवरंग! एक पान उलटायचं, थांबायचं, शेपटी हलवायची, परत पुढचं पान. शेपटीखालचा लाल रंग दिसला आणि मी एकदम सातवीत पोचले. फोंड्याला आमच्या कुळागरातल्या, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेतल्या घरी असाच एक ऑक्टोबरात पडवीच्या काचेवर आपटला होता. ओंजळीत घेतला तर त्याचं काळीज इतकं जोरात उडत होतं की माझ्या बोटांना कळत होतं, पंखावरचा निळा तुकडा तर नुसता चमकत होता. आज्जीने त्याच्यावर तांदूळ धुवायची बांबूची रोवळी पालथी घातली, वर फडकं, आणि आम्हा पोरांना दम दिला, कोणी डोकवायचं नाही. तिन्हीसांजेला रोवळी उचलली, दोन उड्या मारत माडाच्या बुंध्यापाशी गेला, शिट्टी घातली आणि उडाला. पार हिमालयाच्या पायथ्याकडून रात्रीचे उडत येतात हे मला कॉलेजात कळलं, तोवर आज्जी गेली होती, तिला सांगायचं राहूनच गेलं.

म्हापशेकर:
अगं रोवळी! किती वर्षांनी ऐकला हा शब्द, आमची माळ्यावर पडलीय. पक्ष्यांचं मला फार कळत नाही पण गणेश चवथीच्या आसपास गच्चीवर धोबी येतो तो चुकत नाही, शेपटी सारखी वरखाली. आई म्हणायची, धोबी आला, आता पावसाचं फार मनावर घेऊ नका.

खाजनकाठ:
आज्जीचं बरोबरच होतं. आपटलेल्या पक्ष्याला भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, गप्प ठेवायचं. चोचीत पाणी अजिबात ओतायचं नाही, श्वासनळीत जातं. सावरला नाही तर वनखात्याला फोन. आमच्याकडे पोरांनी खंड्याला चमच्याने पाणी पाजलं होतं, नाही वाचला, अजून वाईट वाटतं.

सांजवात:
बाबा रविवारी करमळीला न्यायचे, स्टेशनाजवळच्या तळ्यावर. अडई बदकं शिट्ट्या घालत डोक्यावरून जायची. थंडीत तलवार बदकं, लांब टोकदार शेपटीवरून ओळखायची, हे त्यांनीच शिकवलं. मागच्या वर्षी बाबा गेले. यंदा तिकडे जायला पायच निघत नाहीये.

कुळागर:
सांजवात, मी येते बरोबर. खरंच. रविवारी जाऊया.

पेडण्याची:
आम्हाला पण न्या कोणीतरी, चोडणला! सालिम अली अभयारण्य तिथेच ना, रायबंदरहून फेरी? भाऊ सांगत होता कुडचड्याचं नंदा तळं पण छान आहे, 2022 मध्ये रामसर, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलं ते, गोव्यातलं पहिलं.

खाजनकाठ:
हो, रायबंदरहूनच. भरती-ओहोटी बघून जा, चिखल उघडा पडला की तुतवार पक्षी उतरतात, आणि होडीतून फिरायचं तर खाडीत पाणी हवं.

म्हापशेकर:
आणि येताना पणजीत पातळ भाजी नि उंडे!!

पेडण्याची:
बाई गं भूक लागली. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, उठते, नंतर लिहिते.

सांजवात:
कुळागर, रविवार चालेल. बाबांची दुर्बीण आहे, एका बाजूचं भिंग धूसर झालंय पण दिसतं. किती वाजता निघायचं?