सासूबाईंचा निळा पासपोर्ट (तुमच्याही फायली काढा)

लाइपझिगचा जावई

लेक गेल्या महिन्यात तीन वर्षांचा झाला. वाढदिवसाची तोरणं कपाटावर टाकायला गेलो तर तिथली जुनी फाइल अंगावर आली. आत सासूबाईंच्या व्हिसाचे कागद. बायको म्हणाली दे टाकून, पण मला टाकवेना.

सासूबाई व्हिएतनामच्या, हनोईच्या खाली नाम दिन्ह प्रांतातलं खेडं. बायको इथे जर्मनीत शिकायला आली होती, मी नोकरीला, पुढचं तुम्ही समजून घ्या. प्रसूतीची २०२२च्या सप्टेंबरअखेरची तारीख मिळालेली. पहिलं बाळंतपण, आणि माझ्या आईचे गुडघे गेलेले. म्हणजे येणार तर त्याच.

त्यांनी जन्मात पासपोर्ट काढला नव्हता. जुलैत काढला, नवाकोरा, गडद निळा. व्हिएतनामने हा नमुना १ जुलै २०२२ पासूनच आणला होता, आधीचा हिरवा असायचा. नव्यात एक ओळ गाळली होती: जन्मस्थान. महिना संपायच्या आत जर्मनीने जाहीर केलं की या पासपोर्टवर व्हिसा नाही. पाठोपाठ चेकवाल्यांनी आणि स्पेननेही तेच केलं (स्पेनने लवकरच मागे घेतलं). बायको सातव्या महिन्यात, हातात फोन, आणि फोनवर आई विचारतेय, "माझा जन्म कुठे झाला हे अख्ख्या गावाला माहीत आहे, यांना का नाही?"

मग व्हिएतनाम सरकारने तोडगा काढला. मागितलं तर पासपोर्टच्या आतल्या पानावर जन्मस्थानाची नोंद करून द्यायची. त्यांच्या भाषेत 'बी चू'. जानेवारी २०२३ पासून छपाईतच जन्मस्थान येतं, पण आमच्या कामाचं नव्हतं. सासूबाई बसने हनोईला जाऊन शिक्का घेऊन आल्या. मग पुन्हा अपॉइंटमेंट, पुन्हा रांग.

माझ्याकडून इथल्या परदेशी नागरिक कार्यालयात हमीपत्र. शब्द ऐका: फेअरफ्लिष्टुंग्सएरक्लेरुंग. २९ युरो भरायचे, पगाराच्या पावत्या दाखवायच्या, आणि पाहुण्याचा सगळा खर्च माझ्या डोक्यावर असं लिहून द्यायचं. जावई सासूची लेखी हमी देतो हे माझ्या आईला इतकं आवडलं की तिने सगळ्या सोसायटीत सांगितलं.

लेक झाला तेव्हा आजी नव्हती. ४ नोव्हेंबरला आली, तो पाच आठवड्यांचा होता. व्हिसाच्या खिडकीवर त्यांना काय विचारलं ते नंतर सांगतो, लेक उठला. तोवर तुमचं येऊ द्या.

गुळांबा

अरेरे पाच आठवडे. वहिनींना किती वाईट वाटलं असेल.

ठाण्याचा प्रवासी

आता तर ते एटिआस का काय येणार ना? ऑनलाइन भरलं की झालं?

प्रागची मावशी

@ठाण्याचा प्रवासी नाही हो. एटिआस ही ऑनलाइन परवानगी, ज्यांना युरोपचा व्हिसा लागत नाही त्यांच्यासाठी. आपल्याला आणि व्हिएतनामींना शेंगेन व्हिसाच, युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालतो तो. ईईएस, म्हणजे सीमेवरची येण्याजाण्याची नोंद, ते मात्र सुरू झालंय, १२ ऑक्टोबर २०२५ पासून, शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे नि फोटो. हळूहळू सगळीकडे.

लाइपझिगचे जावईबापू, आमच्याकडेही २०२२ला तोच गोंधळ होता. प्रागला सापा म्हणून प्रचंड व्हिएतनामी बाजार आहे, मी दर शनिवारी जाते. भाजीवाल्या बाईची बहीण त्या निळ्या पासपोर्टमुळे अडकलेली. ती मला विचारायची तुमच्या पासपोर्टवर जन्मगाव असतं का. असतं म्हटलं. म्हणाली मग तुम्ही नशीबवान. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला भारतीय पासपोर्टचा हेवा वाटलेला पाहिला 😀

मराठवाडी माणूस

जन्मगाव असून तरी काय. माझ्या पासपोर्टवर उस्मानाबाद, बायकोच्या औरंगाबाद. दोन्ही गावं आता त्या नावाची नाहीत. गेल्या वर्षी खिडकीवर बाईने विचारलं, आधार कार्डावर धाराशिव नि इथे उस्मानाबाद, दोन वेगळी गावं का? म्हटलं गाव तेच आहे, आम्हीही तेच आहोत.

लाइपझिगचा जावई

@मराठवाडी माणूस हसू नका, आमचंही तेच झालंय. १ जुलै २०२५ला व्हिएतनामने ६३ चे ३४ प्रांत केले. नाम दिन्ह प्रांत शेजारच्या निन्ह बिन्हमध्ये गेला. म्हणजे एवढा आटापिटा करून पासपोर्टवर जे जन्मस्थान लिहून आणलं तो प्रांतच आता नाही.

मराठवाडी माणूस

😂😂 सासूबाईंना आमच्याकडे पाठवा

सायगावची शिंपीण

मी २०१९ पासून सायगावात (व्हिएतनामचं हो ची मिन्ह शहर), कपड्यांच्या कारखान्यात मर्चंडायझर. शिंपीण म्हणजे हौसेने घेतलेलं नाव, बटण लावता येत नाही.

आमच्या सॅम्पल रूमच्या मुलीला इटलीच्या प्रदर्शनाला पाठवायचं होतं. आमंत्रण होतं, कंपनीचं रजेचं पत्र होतं, सामाजिक विम्याचा उतारा होता. नकार आला. छापील फॉर्म असतो, त्यात कारणांसमोर खूण करतात. तिच्या फॉर्मवर खूण होती, परत जाण्याच्या हेतूबद्दल शंका. ती दोन दिवस कुणाशी बोलली नाही. मग आम्ही फाइल उघडली तेव्हा कळलं, बचतीचं पुस्तक अर्जाच्या आठ दिवस आधी उघडलेलं. मामाने पैसे टाकले, तिने ठेव केली, ताजी पावती जोडली. इथे बचत म्हणजे 'सो तिएत किएम', मुदत ठेवीचं पुस्तक, आणि त्याआधी म्हणजे सोनं. सोन्याचं स्टेटमेंट कुठून आणणार?

दुसऱ्या वेळी आम्ही तिच्या सहा महिन्यांच्या पगाराच्या नोंदी लावल्या, आणि मामाचे पैसे मामाचे म्हणून पत्रात सरळ लिहिले. मिळाला. नऊ दिवसांचा. प्रदर्शन चार दिवसांचं, उरलेल्या दिवसांत तिने मिलानमध्ये फक्त शिलाई बघितली, लोकांच्या कोटांच्या कडा उलटून.

गुळांबा

सोनं दाखवायचं तर पाटल्या घालून जायचं का खिडकीवर 🙈

सायगावची शिंपीण

माझी सासू गेली असती.

बरं, एक राहिलं. इथे 'सो डॉ' म्हणजे लाल पुस्तक लागतं, जमिनीचा कागद. आपला सातबाराच म्हणा. ते कुटुंबातल्या कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा. पूर्वी 'हो खाउ' म्हणून कुटुंबाचं पुस्तक असायचं, रेशन कार्डासारखं, ते २०२३ पासून कागदी स्वरूपात बंद. त्याऐवजी वॉर्डातून राहण्याचा दाखला घ्यावा लागतो. आमच्या एका कामगाराला जुन्या यादीप्रमाणे पुस्तक मागितलं, तो म्हणाला सरकारने ते जमा करून घेतलं. खिडकीवरचा मुलगा म्हणाला मग झेरॉक्स आणा.

लाइपझिगचा जावई

लाल पुस्तक! आमचं घोडं तिथेच अडलं होतं. सासूबाईंची तीन साव जमीन. उत्तरेत एक साव म्हणजे ३६० चौरस मीटर, म्हणजे तिन्ही मिळून आपले दहा-अकरा गुंठे. कागद सासऱ्यांच्या नावावर, आणि ते २०१६ला गेले. वारस नोंद कुणी केली नव्हती. मला वाटलं मी साताऱ्यातच बसलोय.

पुण्याची नणंद

मी मोबाइलवर आहे कुकर लावलाय चुका समजून घ्या.

माझी वहिनी व्हिएतनामी, दा नांगची. दोघं पुण्यात राहतात. गेल्या वर्षी फ्रान्सला गेले, मुंबईतून अर्ज, एकच फाइल एकच हॉटेल एकच विमान. भावाला दोन वर्षांचा मल्टिपल, म्हणजे कितीही वेळा ये-जा. वहिनीला अठरा दिवस. भाऊ म्हणे चुकलं असेल, विचारून आला. चूक नाही. १८ एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी युरोपने नियम सोपा केलाय, आधीच्या तीन वर्षांत दोन व्हिसे नीट वापरले असतील तर दोन वर्षांचा मिळू शकतो, पुढे पाच वर्षांचाही. वहिनीने भावापेक्षा एक जास्त वापरला होता पण पासपोर्ट व्हिएतनामचा. तिला सगळ्यांसाठीचा सर्वसाधारण नियम, पायऱ्या जास्त.

वहिनी काही बोलली नाही. विमानतळावर भावाला म्हणाली तू दोन वर्षं रहा मी अठरा दिवसांनी जाते. तो घाबरला. शिट्टी झाली.

सायगावची शिंपीण

@पुण्याची नणंद आणि मी भारतीय असून सायगावातून अर्ज करते, तर मला तो सोपा नियम नाही 🤷 वर इथलं राहण्याचं कार्ड परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालू हवं म्हणून मला आधी त्याचं नूतनीकरण. माहेरही नाही सासरही नाही.

डोंबिवलीचे काका

माझी कन्या पुढील महिन्यात मैत्रिणींसोबत व्हिएतनामला जात आहे. व्हिसा तिथे गेल्यावर मिळतो का? कृपया कळवावे.

सायगावची शिंपीण

काका, ई-व्हिसा आधीच काढा. एक प्रवेश २५ डॉलर, अनेक प्रवेश ५०, नव्वद दिवसांपर्यंत. नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच, वडिलांचं नावही असेल तर तेही. एका अक्षरासाठी लोक चेक-इनवर अडकतात. आणि सरकारी संकेतस्थळावरूनच हं, एजंट दुप्पट घेतात.

डोंबिवलीचे काका

धन्यवाद. तिथे शाकाहारी मिळते काय?

प्रागची मावशी

काका 'चाय' म्हणा, म्हणजे शाकाहारी. चहा नाही आणणार घाबरू नका.

नावावरून आठवलं. त्यांच्यात बायका लग्नानंतर आडनाव बदलत नाहीत. नवरा ट्रान, बायको न्गुयेन, मुलं ट्रान. शेजारणीचे आईवडील आले तेव्हा हॉटेलच्या बुकिंगवर दोन आडनावं बघून खिडकीवर विवाहाचा दाखला मागितला. सत्तरीतली माणसं! लग्न युद्धाच्या काळात झालेलं, दाखला कुठला. शेवटी पाच मुलांच्या जन्मदाखल्यांचं नोटरी केलेलं भाषांतर लावलं. वडील म्हणाले पाच पुरावे पुरे की अजून एक करू.

गुळांबा

😂😂😂 आजोबा भारी

आमच्यात उलट. माहेरचं नाव पासपोर्टवर, सासरचं पॅनवर, बँकेत दोन्ही. मीच मला ओळखत नाही.

बर्लिनकर

घाईत लिहितोय. ज्यांची मुलं लहान आहेत त्यांच्यासाठी: शेंगेन व्हिसाला सहाच्या आत फी नाही, सहा ते बाराच्या आत ४५ युरो, मोठ्यांना आता ९० (जून २०२४ आधी ८०). बाराच्या आत बोटांचे ठसे देत नाहीत. ठसे एकदा दिले की ५९ महिने चालतात, पण व्हिसा सेंटरवर तरी बोलावतात म्हणून रजा टाकूनच ठेवा. ३० हजार युरोचा विमा लागतोच. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, निदान पंधरा दिवस आधी. निर्णयाला पंधरा दिवस, अडलं तर पंचेचाळीस.

आणि सासूबाई सामानात काय घेऊन आल्या ते सांगा आधी.

लाइपझिगचा जावई

@बर्लिनकर ओळखलंत. केळीच्या पानात बांधलेले डुकराच्या मांसाचे रोल, सहा. बाहेरून मांस आणि दूध युरोपात आणता येत नाही, मी फोनवर सांगितलं होतं. त्यांनी "मांस नाही आणलं" असं शांतपणे सांगितलं. कस्टमवाल्याने बॅग उघडली. तो विचारतोय हे काय, त्या म्हणतात पानं. सहाही गेले. फिश सॉस मात्र आला, चादरीत गुंडाळून. माझ्या आईने पेढे पाठवले तेव्हा मी हीच गोष्ट सांगितली तर म्हणाली पेढा म्हणजे दूध थोडीच, पेढा म्हणजे प्रसाद.

गुळांबा

प्रसाद 😂 मावशी प्रागला कढीपत्ता मिळतो का? भाचा आलाय तिकडे, रोज मेसेज.

प्रागची मावशी

सापात गोठवलेला मिळतो कधी कधी, ताजा नशिबाने. कोथिंबीर, भेंडी, कच्चा आंबा, ओला नारळ सगळं. त्याला म्हणावं मेट्रोने काचेरोव्हला उतर, पुढे बस. चेकमध्ये व्हिएतनामींना २०१३ पासून अधिकृत अल्पसंख्याक म्हणून मान्यता आहे, गल्लीच्या कोपऱ्यावरचं दुकान बहुधा त्यांचंच. रविवारी रात्री मीठ संपलं तरी आपण उपाशी राहत नाही.

पुण्याची नणंद

कुकर उतरवला. खिडकीवर काय विचारलं ते राहिलं की!

लाइपझिगचा जावई

हो. विचारलं, तुम्ही विधवा, मुलगी एकच, ती जर्मनीत. परत याल कशावरून? जमिनीचा कागद नवऱ्याच्या नावावर, बँकेत फारसं काही नाही. सासूबाई म्हणाल्या, "वर्षाच्या शेवटच्या महिन्यात माझ्या नवऱ्याचं झो आहे. मी नसले तर कोण करणार?"

झो म्हणजे वर्षश्राद्ध, चांद्र तिथीने. घरातल्या पूर्वजांच्या देव्हाऱ्यासमोर जेवण मांडायचं, उदबत्ती, मग सगळं गाव जेवायला. मी कालनिर्णय काढून बघितलं, त्या वर्षी त्यांचा शेवटचा महिना आणि आपला पौष जवळजवळ एकाच दिवशी सुरू होत होता. व्हिसा ९० दिवसांचा मिळाला. पोहोचल्याचा दिवस धरून त्रेसष्टाव्या दिवशी, ५ जानेवारीला, त्या परत गेल्या. बायको रडली, थांब म्हणाली, अजून सत्तावीस दिवस आहेत. त्या म्हणाल्या, तुझे बाबा वाट बघतील.

खरं म्हणजे धागा काढायचं कारण हेच. यंदा नोव्हेंबरअखेर त्या पुन्हा यायच्या म्हणतायत, गुरुवारी हनोईला अपॉइंटमेंट आहे, आणि पत्र मी लिहितोय. जमिनीची वारस नोंद आता झालीय. झोचं पत्रात लिहू का? बायको म्हणते हसतील.

सायगावची शिंपीण

लिहा.

मराठवाडी माणूस

लिहा. तिथीसकट.

पुण्याची नणंद

पौष असं लिहू नका पण, त्यांना काय कळणार.

लाइपझिगचा जावई

यंदा पौषात नाहीच येत, माघात येतंय. त्यांचा अधिक महिना २०२५च्या उन्हाळ्यातच होऊन गेला, आपला २०२६ला ज्येष्ठात. इंग्रजी तारीख टाकतो.